एकाच एसपीआय बसवर दोन ॲप्लिकेशन्स: कमाल अडवणूक किती धरावी?

प्रश्न
आमच्या सिंगल-कोर मायक्रोकंट्रोलरवर मोटर नियंत्रण आणि डेटा लॉगिंग ही दोन ॲप्लिकेशन्स चालतात. सर्वोच्च प्रायॉरिटीचा कॅन टास्क (कॅन जाळ्यावरचे संदेश हाताळणारा) दर ५ मिलिसेकंदांनी येऊन १ मिलिसेकंद घेतो, त्याखालचा नियंत्रण टास्क दर १० मिलिसेकंदांनी ३ घेतो आणि लॉगिंग सर्वांत खाली आहे. एन्कोडर (मोटरची स्थिती मोजणारा) व फ्लॅश (लॉगिंगच्या नोंदी साठवणारी मेमरी चिप) एकाच एसपीआय बसवर, म्हणजे चिप्सना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, असल्यामुळे म्युटेक्स लावला आहे: तो ज्या टास्ककडे असेल त्यालाच बस वापरता येते, दुसरा अडून राहतो. तीन दिवसांच्या चाचणीत लॉगिंगने तो जास्तीत जास्त २ मिलिसेकंद धरला. त्यावरून नियंत्रणाचा कमाल रिस्पॉन्स टाइम (पाळी आल्यापासून काम पूर्ण होईपर्यंतचा वेळ) ७ निघतो, डेडलाइन १० आहे. निर्धास्त राहावे का?

उत्तर १
तुमचे गणित बरोबर आहे: नियंत्रणाचे ३ + अडवणुकीचे २ + कॅनचा १ = ६, पण तेवढ्या वेळात कॅन टास्क दुसऱ्यांदा येतो, म्हणून ७. (ही पद्धत जोसेफ आणि पांड्या यांनी १९८६ मध्ये मांडली; पांड्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले.) शंका आहे ती २ या आकड्याबद्दल. तो फ्लॅशमध्ये पान लिहितानाचा दिसतो. भरलेल्या फ्लॅशमध्ये पुन्हा लिहिण्याआधी अनेक पानांचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो; त्याचा कमाल वेळ डेटाशीटमध्ये पाहा. अशा चिपमध्ये तो ४०० मिलिसेकंदांपर्यंत असू शकतो, आणि पुसणे संपेपर्यंत तुमचा कोड म्युटेक्स धरून बसत असेल, तर डेडलाइनची गोष्टच सोडा.

उत्तर २
म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स (म्युटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरती अडलेल्या टास्कची वरची प्रायॉरिटी मिळणे) चालू आहे ना, हेही तपासा. नसेल तर मधल्या प्रायॉरिटीचा एखादा टास्क लॉगिंगला बाजूला सारून चालत राहतो आणि अडवणुकीला मर्यादाच उरत नाही. १९९७ मध्ये मंगळावर नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता. हवामान टास्कने म्युटेक्स धरलेला असताना मधला दळणवळण टास्क चालत राही आणि बस सांभाळणारा टास्क खोळंबे. पृथ्वीवरून इनहेरिटन्स चालू केल्यावर तो प्रश्न मिटला.

प्रश्नकर्ता
इनहेरिटन्स चालू आहे. चूक पुसण्यातच निघाली: चाचणीच्या वेळी फ्लॅश कोरी होती आणि ती भरायला नऊ दिवस लागतात, त्यामुळे पुसण्याची वेळ एकदाही आली नव्हती. आता पुसण्याची आज्ञा देताच म्युटेक्स सोडतो आणि चिप मोकळी झाली का, हे अधूनमधून विचारतो. पान लिहितानाही तसेच. १० मेगाहर्ट्झवर २५६ बाइट्स आणि ४ बाइट्सची आज्ञा पाठवायला ०.२१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे रिस्पॉन्स टाइम ४.२१ झाला. नियंत्रणाचे ३ मिलिसेकंदही मोजूनच धरलेले आहेत. आता तेच तपासायला घेतले आहेत.