मदत हवी आहे: बाबांची साखर रात्री अचानक उतरली
नमस्कार मंडळी. बाबा ७८ वर्षांचे, मधुमेह जुना, गोळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी. परवा एकादशीला गोळी घेतली आणि दिवसभर नुसतं ताक. पहाटे तीनला बनियन घामानं चिंब, मलाच विचारतात, "तू कोण रे?" आम्हाला अर्धांगाचा झटका वाटला. १०८ला फोन लावता लावता बोट टोचून पाहिलं तर साखर ४८! गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ८२. तरी डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं; या गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते म्हणाले. आता गोळी बदलताहेत, पण बाबा एकादशी सोडायला तयार नाहीत. तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत? आणि दंडाला लावायची ती साखर मोजणाऱ्या सेन्सरची चकती या वयात झेपते का? रात्री झोपच लागत नाही हो.