जीएसटी गेला, हप्ता जागेवरच : आरोग्य विम्याचा पैसा जातो कुठं?

हळदवखार (सांगली)

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. वखारीत आम्ही चौघांनी तेव्हाच हिशोब मांडला, यंदा पाच-साडेपाच हजार वाचणार. माझा आधीचा हप्ता ३१,००० आणि वर कर ५,५८०, म्हणजे ३६,५८०. डिसेंबरात नूतनीकरणाचा कागद आला : ३६,९००, कर शून्य. मूळ हप्ताच १९ टक्क्यांनी वाढवलाय. सहा वर्षांत एक रुपयाचा क्लेम नाही. साठीच्या पुढच्यांचा हप्ता सरकारच्या विमा नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. मी ५४ चा, त्यामुळे मला ते लागू नाही.

तरी माझं म्हणणं कंपनीपुरतं नाही. खरं दुखणं दवाखान्याच्या बिलात आहे. बेड मिळायच्या आधी काउंटरवर विचारतात, 'कॅशलेस आहे का?' त्यावर खोली ठरते आणि खोलीवर बाकीचे आकडे. अपेंडिक्स तेच, सर्जन तेच, पण स्वतंत्र खोली घेतली की डॉक्टरांच्या भेटीची फीसुद्धा वाढते. सरकारनं नेहमीच्या ऑपरेशनांचे कमाल दर बांधावेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचे, स्टेंटचे, बांधलेच की! लाखाच्या पुढं लावायचे तो औषधाचा लेप असलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला.

वीस खाटा (मिरज)

दादा, मी मिरजेत वीस खाटांचा दवाखाना चालवते. स्टेंट ही वस्तू आहे, तिची किंमत बांधता येते. रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार कसा बांधणार? जैविक कचऱ्याचे पैसे, आगीची तपासणी, जनरेटरचं डिझेल, हे सगळं पेशंट असो-नसो चालूच असतं. दर बांधले तर मोठ्या कॉर्पोरेट साखळ्या इतर ठिकाणच्या नफ्यावर तग धरतील, माझ्यासारखे बंद पडतील. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट रेल्वेनं मिरजेला येतात. ते नाव एकट्या मोठ्या इमारतींनी मिळवलेलं नाही, गल्लीबोळातल्या दवाखान्यांचाही त्यात वाटा आहे.

दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम २०२१ मध्ये आला. माझं लावलंय. ते वाचून प्रश्न विचारणारे नातेवाईक मला हवे आहेत, पण फार थोडे विचारतात.

विमावाला (पलूस)

कर माफ झाला तसं कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही गेलं. ऑफिसचं भाडं, संगणक यांवर भरलेला जीएसटी आधी वळता व्हायचा, आता तो खर्चात धरतात. पण त्यानं १९ टक्के भरत नाहीत, हे मीही कबूल करतो. तुमचा वयोगटाचा टप्पा बदललाय का, ते आधी बघा.

आणि रागाच्या भरात पॉलिसी सोडू नका, ही हात जोडून विनंती. सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'आजार लपवला' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. नवी घेतली तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. बदलायचीच असेल तर मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा, म्हणजे जुनी वर्षं धरून दुसऱ्या कंपनीत जायचा, अर्ज द्या. माझ्याकडं लोक शुगर निघाल्यावर येतात, तेव्हा मी त्यांना काय देणार?

जतची लेक

तुमच्या ३६ हजारांत आमच्या घराचं खतपाणी होतं. आमच्याकडं कुणाचीच पॉलिसी नाही. गेल्या वर्षी आईला छातीत कळ आली, मिरजेला आणली, राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी झाली. आमचं रेशनकार्ड पांढरं. जुनीच दीड लाखाची मर्यादा आणि जुनेच कार्डाचे रंग असते तर भाऊ सावकाराच्या दारात उभा राहिला असता. जुलै २०२४ पासून पाच लाख आणि सगळ्या कार्डांना, म्हणून म्हैस दावणीला राहिली.

पण रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या रोजच्या गोळ्या आम्हाला त्यात मिळत नाहीत. त्या महिन्याच्या महिन्याला आमच्याच खिशातून.

हळदवखार (सांगली)

ताई, आई बरी आहे हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या गोळ्यांवरच माझं बोट आहे. योजना मुख्यतः भरती झाल्यावरच पैसे देते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ चा सरकारी हिशोब १.८४ टक्के दाखवतो. अशा सरकारी विमा योजनांतून खासगीकडं जाणारे पैसे काढून मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाला आणि सांगलीच्या सिव्हिलला द्या. दोन्हीकडं औषधं आणि माणसं भरली तर खासगीचे दर आपोआप खाली येतील.

वीस खाटा (मिरज)

यात मी तुमच्या बाजूची आहे. मी शिकले ती शासकीय महाविद्यालयातच. सिव्हिल सक्षम झालं तर माझ्याकडं पेशंट नाइलाजानं नाही, निवडून येईल. फक्त दर बांधणार असाल तर वीस खाटांना आणि दोनशे खाटांना एकच आकडा लावू नका. आणि सरकारी योजनांचे पैसे महिन्याभरात द्या. माझे एकदा सात महिने अडकले होते, सिस्टरांचे पगार मी कर्ज काढून दिले.

जतची लेक

दादा, तुमचं बरोबर असंल. पण 'विम्याचे पैसे काढून सिव्हिलला द्या' म्हणता, त्यातला 'काढून' मला मान्य नाही. इमारत व्हायला, डॉक्टर यायला वर्षं जातात. आईला मिरजेत आणेस्तोवर गाडीत दोन तास गेले, ते माझे मला माहीत. सिव्हिलला द्या, जतच्या ग्रामीण रुग्णालयाला आधी द्या, पण योजनेला हात लावू नका.

हळदवखार (सांगली)

'काढून' मागं घेतो, ताई. वेगळे द्यावेत. दर बांधायच्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. डॉक्टर, खाटांप्रमाणे दोन-तीन टप्पे केले तर तुम्हाला चालेल का? चालत असेल तर नेहमीच्या दहा ऑपरेशनांना तुमचा खरा खर्च किती येतो, तो इथं लिहा. मी माझ्या ओळखीतल्यांची गेल्या दोन वर्षांतली बिलं नावं झाकून त्याच्या शेजारी ठेवतो.