मदत हवी आहे : प्युअर डेटामधला कन्व्होल्युशन रिव्हर्ब, सरासरी भार कमी असूनही आवाज तुटतो

नमस्कार,

सोलापुरातील आमच्या हौशी नाट्यसंघाचे ध्वनिसंयोजन मी पाहतो. नव्या नाटकातला एक प्रवेश बंद पडलेल्या कापड गिरणीत घडतो, प्रयोग मात्र उघड्या पटांगणावर आहे. रंगमंचावर प्रत्यक्ष वाजणारी हलगी त्या गिरणीतच वाजते आहे असे ऐकू यावे, यासाठी मी प्युअर डेटामध्ये (चौकटी जोडून ध्वनीचे प्रोग्रॅम, म्हणजे पॅच, बांधण्याचे सॉफ्टवेअर) कन्व्होल्युशन रिव्हर्ब, म्हणजे एका जागेचा मुद्रित घुमारा दुसऱ्या ध्वनीवर चढवणारा पॅच, उभारत आहे. घुमाऱ्याचा नमुना हवा म्हणून रखवालदाराच्या परवानगीने एका जुन्या गिरणीच्या रिकाम्या शेडमध्ये फुगे फोडून इम्पल्स रिस्पॉन्स (क्षणिक आवाजामागे त्या जागेत उमटणारा घुमारा) ध्वनिमुद्रित केला. (विजापूरचा गोलघुमट इथून जेमतेम शंभर किलोमीटरवर असताना शेड कशाला, असे सगळ्यांनी विचारले, पण तो घुमारा गिरणीचा नव्हे.) चाचणीसाठी लागणारी कोरडी हलगी घरीच, खोलीच्या चारही भिंतींना चादरी टांगून घेतली, सोलापुरात चादरींचा तुटवडा नाही.

रिस्पॉन्स 4 सेकंदांचा, म्हणजे 44,100 च्या सॅम्पल रेटला 1,76,400 सॅम्पलचा आहे. सरळ गुणाकार केल्यास एका वाहिनीसाठी दर सेकंदाला सुमारे 778 कोटी गुणाकार होतात, म्हणून तो मार्ग पहिल्याच दिवशी सोडला. आता रिस्पॉन्सचे 1024 सॅम्पलचे 173 तुकडे केले आहेत. प्रत्येकाला तेवढीच शून्ये जोडून 2048 चा एफएफटी (ध्वनीचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या कंप्रतांचे प्रमाण, काढणारे गणित) एकदाच काढून ठेवला आहे आणि वाजवताना येणाऱ्या ध्वनीचे वर्णपट मागे सरकवत त्या तुकड्यांशी गुणले जातात. बेरीज वर्णपटातच होत असल्यामुळे दर ब्लॉकला एक एफएफटी आणि प्रत्येक वाहिनीला एक उलटा एफएफटी पुरतो.

इथवर येताना दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे फेज व्होकोडरच्या (ध्वनीचा वेग किंवा पट्टी बदलणारा पॅच) उदाहरणातली हान विंडो (ब्लॉकच्या दोन्ही कडा शून्यापर्यंत उतरवणारा आकार) मी तशीच ठेवली होती आणि शून्ये जोडलीच नव्हती, त्यामुळे घुमाऱ्याच्या शेपटाचा शेवट ब्लॉकच्या सुरुवातीला येऊन मिसळत होता. दुसरी चूक मजेशीर होती. क्लोनच्या (एकाच पॅचच्या अनेक प्रती चालवणारी चौकट) प्रती चढत्या क्रमाने चालतात आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीच्या ॲरेतून (आकड्यांच्या साठ्यातून) वर्णपट उचलते. ती उचलेपर्यंत तिथे ताजा वर्णपट येऊन बसलेला असे. परिणामी चारही सेकंदांचा घुमारा एकाच ब्लॉकमध्ये कोसळून हलगीच्या प्रत्येक थापेमागे पोते आपटल्यासारखा आवाज येत होता. क्रम उलटा केल्यावर तो गेला.

खरी अडचण आता सुरू होते. दोन्ही वाहिन्या मिळून प्युअर डेटाचा भार सरासरी 25 टक्केच दिसतो, तरीही ध्वनीच्या सेटिंगमध्ये विलंब 10 मिलिसेकंद ठेवला की आवाज तुटतो. 50 ठेवला की तुटत नाही, पण हलगीचा मूळ आवाजही माइकमधून याच पॅचमार्गे स्पीकरवर जात असल्यामुळे वादकाला स्वतःचीच थाप उशिरा ऐकू येते आणि ठेका घसरतो. माझ्या समजुतीप्रमाणे प्युअर डेटा 64 सॅम्पलच्या टप्प्याने चालतो आणि मोठ्या ब्लॉकचे सगळे काम 16 टप्प्यांतून एकदा, एकाच दमात उरकतो. बाकीचे 15 टप्पे जवळपास रिकामे जातात. म्हणून शेपटासाठी 8192 चे मोठे तुकडे घ्यावेत हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडेल असे वाटते, कारण सरासरी उतरेल पण झटका वाढेल. शिवाय rfft~ (एफएफटी काढणारी चौकट) वर्णपटाचा निम्मा भागच भरतो आणि उरलेली शून्ये *~ (गुणाकाराची चौकट) निमूटपणे गुणत बसतो, तो अपव्यय वेगळाच.

मला सुचलेला उपाय असा. ताज्या ब्लॉकवर फक्त पहिला तुकडा अवलंबून असतो. उरलेल्या 172 तुकड्यांना लागणारे वर्णपट आधीच हाती असतात, म्हणजे त्यांची बेरीज पुढच्या ब्लॉकसाठी सावकाश तयार करता येईल. त्यांचे 16 गट पाडून प्रत्येक गट switch~ (सबपॅचचे काम चालू-बंद करणारी चौकट) असलेल्या वेगळ्या सबपॅचमध्ये ठेवायचा, switch~ बंद ठेवायचा आणि bang~ (दर टप्प्याला ‘बँग’ हा इशारा देणारी चौकट) मोजून दर टप्प्याला एकाच गटाला बँग द्यायचा. एका गटात जास्तीत जास्त 11 तुकडे येतील.

असे कोणी प्रत्यक्ष केले आहे का? बँगने चालवलेल्या सबपॅचमध्ये tabreceive~ आणि tabsend~ (ॲरेतून ध्वनी वाचणारी आणि ॲरेत लिहिणारी चौकट) यांचा क्रम विश्वासार्ह राहतो का, की सगळे शेपूट pd~ वापरून दुसऱ्या प्रोसेसमध्ये, पर्यायाने प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर, ढकलणे अधिक शहाणपणाचे ठरेल? सी भाषेत एक्स्टर्नल (प्युअर डेटाला बाहेरून जोडायची नवी चौकट) लिहिणे मला जमणार नाही आणि लॅपटॉप आठ वर्षांचा, दोन कोअरचा आहे, हे लक्षात घेऊन सुचवावे. पॅच पाहायचा असल्यास इथे जोडतो.