छोट्या क्लाउड सर्व्हरवर कंटेनरद्वारे स्वयंचलित डिप्लॉयमेंट कसे करावे?

प्रश्न

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागासाठी लिहिलेले जँगो (पायथॉनचे वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवरील वेब ॲप्लिकेशन क्लाउडवरच्या १ जीबी मेमरीच्या एका उबुंटू सर्व्हरवर डॉकर कंपोझने, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाने, चालते (कंटेनर म्हणजे ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारे सर्व एकत्र बांधून वेगळे चालवण्याची सोय). नवा बदल चढवायचा असला की आमच्यापैकी कोणीतरी एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) सर्व्हरवर जाऊन गिट पुल करतो, तेथेच इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो तयार साचा) बिल्ड करतो आणि कंटेनर पुन्हा सुरू करतो. बिल्ड संपेपर्यंत देवघेवीचे काम रखडते, मेमरी संपून कधी पोस्टग्रेसच बंद पडते, आणि नवी आवृत्ती सदोष निघाल्यास मागच्या आवृत्तीवर परतण्याची ठरलेली रीत आमच्याकडे नाही. कोड मुख्य शाखेत मर्ज झाल्यावर पुढचे सर्व आपोआप व्हावे, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी कुबरनेटीसकडे (अनेक सर्व्हरवरील कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीकडे) वळावे लागेल काय?

उत्तर १

एकाच सर्व्हरसाठी कुबरनेटीसची आवश्यकता नाही. ते सांभाळण्याचे कामच तुमच्या ॲप्लिकेशनपेक्षा मोठे होईल. पहिला बदल असा करावा, की सर्व्हरवर बिल्ड कधीही होऊ नये. गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅब सीआयच्या रनरवर (ही कामे आपोआप चालवणाऱ्या वेगळ्या यंत्रावर) आधी चाचण्या चालवाव्यात, त्या उत्तीर्ण झाल्या तरच इमेज बिल्ड करून रजिस्ट्रीत (इमेजेसच्या साठ्यात) पुश करावी, आणि सर्व्हरने ती केवळ पुल करून चालवावी.

इमेजला ‘लेटेस्ट’ हा टॅग देऊन भागवू नये. तो प्रत्येक पुशबरोबर नव्या इमेजवर सरकतो, त्यामुळे आज सर्व्हरवर नेमका कोणता कोड चालू आहे आणि काल कोणता होता, हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी गिट कमिटचा हॅश (त्या बदलाची ओळख सांगणारा सांकेतिक क्रमांक) हाच टॅग ठेवावा आणि कंपोझ फाइलमध्ये तो व्हेरिएबलमधून घ्यावा. मग मागे परतायचे तर जुना हॅश लिहून ‘डॉकर कंपोझ अप’ पुन्हा चालवणे, एवढेच उरते. डिस्कवर जागा करण्यासाठी सर्व इमेजेसचा पर्याय देऊन ‘इमेज प्रून’ चालवत असाल, तर वापरात नसलेली मागची इमेजही सर्व्हरवरून जाते आणि ऐन वेळी ती रजिस्ट्रीतून पुन्हा आणावी लागते.

पासवर्डांची ‘एन्व्ह’ फाइल इमेजमध्ये जाऊ देऊ नये. इमेज एकावर एक लेयर (थर) रचून बनते; एका लेयरमध्ये कॉपी झालेली फाइल पुढच्या लेयरमध्ये पुसली, तरी आधीच्या लेयरमध्ये ती शिल्लकच असते. रनरसाठी स्वतंत्र एसएसएच की करावी आणि सर्व्हरवरील ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये तिला फक्त डिप्लॉय स्क्रिप्ट चालवण्याची मुभा द्यावी, कारण डॉकर गटातील वापरकर्त्याच्या हाती प्रत्यक्षात रूटचेच, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असतात.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. डेटाबेसचे मायग्रेशन (त्याच्या रचनेतील बदल) कंटेनर सुरू होताना चालणाऱ्या एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्येच ठेवले तर चालेल काय?

उत्तर २

तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मायग्रेशन फसले की कंटेनर बंद पडतो, रीस्टार्टच्या धोरणामुळे पुन्हा उठतो, पुन्हा फसतो, आणि साइट सुरूच होत नाही. डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये ‘पीजी डंप’ने डेटाबेसची प्रत घ्यावी, नंतर ‘डॉकर कंपोझ रन’ने नव्या इमेजमधून मायग्रेशन वेगळे चालवावे, आणि ते यशस्वी झाल्यावरच वेब कंटेनर बदलावा.

यापेक्षा महत्त्वाची बाब अशी, की इमेज मागे नेल्याने डेटाबेस मागे जात नाही. समजा, सभासदांच्या तक्त्यात तुम्ही रिकामा न चालणारा एक नवा स्तंभ डीफॉल्ट मूल्यासह जोडला. जँगो ते मूल्य आधीच्या ओळींमध्ये भरते, परंतु डेटाबेसमधील डीफॉल्ट नंतर काढून टाकते. नव्या ओळींसाठी ते मूल्य पायथॉनचा कोड पुरवतो. आता जुनी इमेज परत आणली, तर त्या कोडला हा स्तंभ ठाऊकच नसतो आणि नव्या सभासदाची नोंद पोस्टग्रेस नाकारते. म्हणून असा स्तंभ आधी रिकामा चालेल असा जोडावा आणि निर्बंध पुढच्या आवृत्तीत घालावा; किंवा जँगो ५.० पासून उपलब्ध असलेला ‘डीबी डीफॉल्ट’ वापरावा. स्तंभ काढायचा असल्यास आधी कोडमधील त्याचा वापर थांबवावा आणि तो प्रत्यक्ष काढण्याचे काम नंतरच्या डिप्लॉयमेंटवर सोपवावे. अशी शिस्त पाळली, तरच पहिल्या उत्तरातील रोलबॅक (मागच्या आवृत्तीवर परतणे) खरोखर उपयोगी पडतो.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. कंपोझ जुना कंटेनर थांबवून मग नवा सुरू करते, त्यामुळे काही सेकंदांचा खंड पडतोच, आणि ग्रंथालयाला तो सहज परवडेल. मात्र डॉकर थांबण्याचा संकेत पाठवून १० सेकंद वाट पाहते आणि मग प्रक्रिया सक्तीने बंद करते. डॉकरफाइलमधील शेवटची आज्ञा शेलच्या स्वरूपात लिहिली असेल, तर तो संकेत बहुधा गुनिकॉर्नपर्यंत (जँगो चालवणाऱ्या वेब सर्व्हरपर्यंत) पोहोचतच नाही आणि अर्धवट विनंत्या तुटतात; ती आज्ञा चौकटी कंसांतील यादीच्या स्वरूपात लिहावी.

दुसरे, डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांमध्ये) स्वतःचे नियम घालते आणि यूएफडब्ल्यूने (उबुंटूच्या सोप्या फायरवॉल साधनाने) घातलेली बंदी त्या पोर्टला लागू होत नाही. कंपोझ फाइलमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट प्रकाशित केलेला असेल, तर ती ओळ आजच काढावी. वेब कंटेनर कंपोझच्या अंतर्गत नेटवर्कवरून पोस्टग्रेसपर्यंत पोहोचतो.