‘आधी राजीनामा द्या, मग बोला’ : पांढरे प्रकरण आणि सरकारी नोकराची निष्ठा

कालवाकाठ :
राज्याच्या जलसंपदा खात्यातील अभियंते विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहारांवर २०१२ मध्ये लिहिलेल्या पत्राविषयी ‘शिस्तप्रिय’ यांनी काल येथे असा निवाडा दिला की, खात्यातील गैरव्यवहार उघड करायचा असेल तर अधिकाऱ्याने आधी राजीनामा द्यावा. सरकारचा पगार घ्यायचा आणि सरकारवरच चिखल उडवायचा, हा दुटप्पीपणा आहे, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून गप्प बसवेना.

पांढरे तेव्हा नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंत्यांच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता होते आणि राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीवर असल्यामुळे सिंचन प्रकल्पांच्या वाढीव किमतींचे प्रस्ताव त्यांच्या नजरेखालून जात होते. राजीनामा देऊन घरी बसलेल्या माणसाला त्या कागदांना कोणी हात तरी लावू दिला असता काय? शिवाय ते पत्र त्यांनी मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना लिहिले होते, वर्तमानपत्राला नव्हे. पगार मंत्र्यांच्या खिशातून नव्हे, तर जनतेच्या तिजोरीतून येतो. मग निष्ठा कोणाशी असावी, हे वेगळे सांगायला नको.

शिस्तप्रिय :
पांढरे यांनी २०१४ मध्ये नाशिकमधून ‘आप’तर्फे लोकसभा लढवली, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. राज्य सरकारी नोकरांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम उगाच केलेले नाहीत. मतभेद असेल तर नस्तीवर, म्हणजे फाइलवर, नोंदवावा, वरिष्ठांनी तो डावलला तरी कागद राहतो.

आता माझे ऐका. माझ्याविरुद्ध एका सहकाऱ्याने, केवळ बदलीच्या रागातून, निनावी अर्ज केला. विभागीय चौकशी लागली, पदोन्नती हुकली, निवृत्तीनंतर तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर दिवस काढले आणि शेवटी ‘आरोप सिद्ध होत नाहीत’ असे एका ओळीचे पत्र हाती आले. अर्ज करणारा आज स्वतःला जागल्या, म्हणजे आतून गैरव्यवहार उघड करणारा, म्हणवून घेतो. तेव्हा या शब्दाचे कौतुक मला सांगू नका.

लेखाशाखा_निवृत्त :
नस्तीवर मत नोंदवले की काय होते, ते मी सांगतो. एका रस्त्याच्या देयकाबरोबर आलेल्या मोजमाप पुस्तिकेत मुरूम दाबल्याची नोंद ज्या आठवड्यातली होती, त्या आठवड्यात खात्याचा रोलर दुरुस्तीला गेला होता. रोलरचे लॉगबुक माझ्याच टेबलावर होते. मी आक्षेप लिहिला. नस्ती परत आली ती ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन. नोकरी केलेल्यांना या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे : यापुढे जे काही होईल ते तोंडी होईल आणि त्याचा कागद उरणार नाही. चर्चा झाली, देयक निघाले आणि माझी रवानगी अभिलेख कक्षात झाली. शिस्तप्रिय, आपल्यावर अन्याय झाला हे मान्य; पण निनावी अर्ज आणि खाली सही ठोकून लिहिलेले पत्र यांना एकाच मापाने मोजणे हाही अन्यायच आहे.

आकडेमोड :
मुळात पांढरे यांच्या आरोपांना बळ मिळाले ते ‘दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्क्याने वाढले’ या राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यामुळे. हा आकडा एकूण पिकांखालील क्षेत्रातील ओलिताच्या हिश्शाचा आहे. निर्मित सिंचन क्षमता, म्हणजे धरणे-कालवे बांधून जेवढे क्षेत्र भिजू शकते ती, ही वेगळी बाब आहे. सरकारने सिंचनावर काढलेल्या श्वेतपत्रिकेत हेच मांडले होते. आकडा न समजता गदारोळ झाला.

टेलचा_शेतकरी :
निर्मित क्षमता! कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, आमच्या गावची चारी (शेताकडे पाणी नेणारा लहान कालवा) कागदावर ‘निर्मित’ आहे. तिच्यात बाभळी उगवल्या असून शेळ्या चरतात. आपण आपल्या क्षमतेवर एकदा हरभरा भिजवून दाखवा.

आकडेमोड :
एका चारीवरून राज्याचा हिशेब मांडू नये. अडाणीपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

टेलचा_शेतकरी :
अडाणी म्हणा, पाणी येणार आहे का? पाणीपट्टीची नोटीस मात्र न चुकता येते. कालव्याच्या डोक्याकडचे लोक मोटारी टाकून पाणी उचलतात, हे पाटकऱ्यापासून उपअभियंत्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, पण कोणी लिहून देत नाही.

कालवाकाठ :
भांडण तात्पुरते थांबवा, कारण मुद्दा नेमका हाच आहे. क्षमता आणि ओलित यांच्यातील दरी कोठे पडली, हे बाहेरच्याला दिसत नाही. ते आतल्यालाच कळते. पांढरे यांच्या पत्रानंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीसाठी चितळे समिती नेमली गेली.

शिस्तप्रिय :
आणि उपमुख्यमंत्री डिसेंबरमध्ये परतले, तर २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन त्यांच्यावर जबाबदारी येत नाही असे सांगितले. मग एवढ्या शौर्याचे फलित काय?

लेखाशाखा_निवृत्त :
फलित मिळाले नाही म्हणून सांगणारा दोषी ठरतो, हा नवा न्याय दिसतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामांतील गैरप्रकार २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते नाव टेबलाटेबलांवर फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला.

शिस्तप्रिय :
न्यायालयात तो लुटीसाठी केलेला खून ठरला.

लेखाशाखा_निवृत्त :
ठरला. तरीही नाव फुटले ही गोष्ट उरतेच. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या, मात्र त्या केंद्रीय कर्मचाऱ्यांबाबतच्या. राज्याच्या अभियंत्याला त्याचा काय उपयोग? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो लागू करण्याची अधिसूचना निघालेली नाही.

शिस्तप्रिय :
बरे, राजीनाम्याची अट मागे घेतो, पेढे वाटा. पण जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा असलीच पाहिजे, यावरून मी तसूभरही हलणार नाही.

लेखाशाखा_निवृत्त :
ती त्याच कायद्यात आहे : दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीस हजारांपर्यंत दंड. निनावी तक्रार तर त्यात दाखलच होत नाही. तेव्हा अधिसूचना काढा असा अर्ज सरकारकडे आपणच करावा. मीही त्यावर सही करतो.

शिस्तप्रिय :
खऱ्या नावाने करणार की ‘लेखाशाखा_निवृत्त’ म्हणून?