डब्याच्या वेळापत्रकात गहूच गहू. सीलिॲक असलेल्या मुलीने काय न्यावे?

प्रश्न : चौथीतल्या मुलीची आई, इंदूर
माझी मुलगी इथल्या एका खासगी शाळेत शिकते. दिवाळीनंतर तिला सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचे रक्ततपासणीत आणि पुढे दुर्बिणीच्या तपासणीत निष्पन्न झाले, तेव्हापासून तिच्या ताटातून गहू, रवा, मैदा पूर्ण बंद आहेत. शाळेने मात्र पौष्टिक आहार म्हणून डब्याचे वार लावून दिले आहेत : सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उपमा, बुधवारी पराठा, गुरुवारी पोहे, शुक्रवारी दलिया. मी ज्वारीची भाकरी दिली, तर वहीत लाल शाईने ‘ठरल्याप्रमाणे डबा आणावा’ असा शेरा आला. मुलीने ते पान दुमडून ठेवले होते. नियमाला माझा विरोध नाही. त्याच्यामुळेच वर्गातली चिप्सची पाकिटे बंद झाली. पण शाळेशी बोलायचे कसे?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अनुदानित शाळा
ताई, सरकारी पोषण आहाराचा नियम आधी वाचावा. ‘पीएम पोषण’ योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने ठरवली असून त्याकरिता 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरली आहे. म्हणजे नियम मोजतो ते पोषण, पोळी नव्हे. ही योजना सरकारी व अनुदानित शाळांसाठी आहे, तुमच्या शाळेचे वार तिने स्वतःच लावलेले आहेत, तेव्हा ते बदलणेही तिच्याच हाती आहे. अर्जात ‘सवलत’ हा शब्द घालू नका. ‘धान्य बदलून तोच आहार’ असे लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

उत्तर : सीलिॲक असलेल्या मुलाची आई
गुरुवार सुरक्षित समजू नका. बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. आमच्याकडे कित्येक महिने त्रास थांबेना, तो फोडणीतल्या त्या चिमटीने. पोह्यांवर टाकायची सुटी शेवही घरच्या बेसनाची असावी. शिवाय डबा वाटून खाणे हा मुलांचा धर्मच. तिचा चमचा वेगळा ठेवा आणि शेजारच्या मैत्रिणीला कारण समजावून सांगा.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका
थोडी शिक्षिकेची बाजूही मांडते. वीस मिनिटांत पंचेचाळीस डबे पाहायचे असतात, आणि वार ठरलेले असले की नजर टाकली तरी पुरते. माझ्या वर्गात टाइप वन मधुमेहाचा एक मुलगा आहे. साखर उतरली की त्याला तासाच्या मध्येच खावे लागते. त्याच्या नावापुढे हजेरीपटात मी पेन्सिलीने खूण केली आहे, म्हणजे माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या तरी त्याला कोणी अडवत नाही. तेवढी खूण तुमच्या मुलीसाठीही मागा.

प्रश्नकर्ती
अर्ज आज दिला. बुधवारच्या पराठ्याऐवजी राजगिऱ्याचे थालीपीठ लिहिले आहे. हिंगाची डबी घरातून काढली.