मदत हवी आहे: महिन्यात तीनदा तेच विमान, तीच रड. आईला बसवू का?

डोंबिवलीकरीण:

मंडळी, विमानांच्या देखभालीतलं कळणारं कुणी इथे असेल तर जरा सांगा.

कामासाठी मी दर आठवड्याला मुंबई-नागपूर करते. सोमवारी पहाटे जायचं, गुरुवारी रात्री परत. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, धागा भलतीकडे जाईल.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा दारं लागल्यावर आत अशी भट्टी झाली की लोक सीटच्या खिशातलं सुरक्षा कार्ड काढून वारा घेत होते. वर गेल्यावर गार झालं, म्हटलं असेल काहीतरी. पुढच्या आठवड्यात धावपट्टीकडे निघालेलं विमान परत आणून उभं केलं. 'तांत्रिक कारण.' एक इंजिनिअर कॉकपिटमध्ये गेला, दोन-तीन मिनिटं सगळे दिवे गेले, परत आले, त्याने कुठेतरी सही केली आणि उतरला. एक तास चाळीस मिनिटं उशीर. तिसऱ्या वेळी पुन्हा भट्टी, आणि विमान मागे ढकलायच्या आधी, जागेवरच एक इंजिन सुरू केलं. हे मी आजवर ऐकलं नव्हतं.

मला नंबर बघायची खोड आहे (लहानपणी बाबांबरोबर एसटीचे नंबर वहीत लिहायचो). शेपटीजवळच्या नोंदणी क्रमांकातली 'व्हीटी'च्या (ते सगळ्या भारतीय विमानांवर असतं) पुढची तीन अक्षरं तिन्ही वेळा तीच होती!

आता मुद्दा. पुढच्या महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांमुळे रात्रभराची गाडी झेपत नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा अपघात झाल्यापासून तिने विमानाचं नावच टाकलंय. त्याचा आणि माझ्या या प्रकाराचा संबंध नाही हे मला कळतं, पण तिला काय सांगू? दुरुस्त न झालेलं विमान सोडतात तरी कसं? आणि प्रवाशाने तक्रार केली तर कुणी विचारतं का?

भटका जोशी: एसटीत एसीच नसतो, त्यामुळे तो बिघडत नाही. :)

स्पॅनरकाका:

ताई, कालिन्याच्या हँगरमध्ये ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. तुम्ही सांगताय त्यात दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

भट्टी आणि जागेवर सुरू केलेलं इंजिन, हे बहुतेक एकच. शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू. मोठी इंजिनं बंद असताना वीज आणि एसीला हवा तेच देतं, आणि मोठं इंजिन सुरू करायलाही त्याचीच हवा लागते. ते बंद असेल तर खालून हवेची गाडी लावून एक इंजिन जागेवरच सुरू करावं लागतं. प्रवासी उकडून निघतात, पण तेवढ्याने विमान धोकादायक होत नाही.

काय नादुरुस्त असताना उडता येतं याची प्रत्येक विमानाची मंजूर यादी असते, एमईएल. त्यात दुरुस्तीची मुदतही ठरलेली: 'बी' गटाला ३ दिवस, 'सी'ला १०, 'डी'ला १२०. पायलट टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहितो, लायसन्सवाला इंजिनिअर तो दुरुस्त करतो किंवा यादीप्रमाणे पुढे ढकलतो आणि सही करतो. त्या सहीशिवाय विमान हलत नाही.

दिवे घालवून परत आणले तो रीसेट. आजच्या विमानात शेकडो बिघाड संगणकाच्या रुसव्याचे असतात आणि जमिनीवर, पुस्तकात लिहिलंय तसा रीसेट करणं रीतसर आहे. पण तोच स्नॅग पुन्हा पुन्हा आला की रीसेट म्हणजे दुखण्यावर बाम. सुटा भाग बदलून बघतात, चाचणीत 'दोष आढळला नाही' येतं, विमान सुटतं, चार दिवसांनी दुसऱ्या विमानतळावर दुसऱ्या इंजिनिअरसमोर तेच. रात्रीच्या पाळीत मागची पानं उलटायला वेळ कुणाला?

डिसेंबर २०१४ मध्ये इंडोनेशियात एअरएशियाचं ए-३२० समुद्रात पडलं, १६२ माणसं गेली. सुकाणूच्या एका यंत्रणेचा तोच बिघाड आधीच्या १२ महिन्यांत २३ वेळा नोंदला गेला होता. मूळ काय, तर सर्किटमधला तडकलेला डाख (सोल्डरचा जोड). बिघाड तसा लहान होता. हवेत असताना झालेला रीसेट आणि नंतरचा गोंधळ जिवावर बेतला. म्हणून 'परत परत' हा शब्द आम्हाला आवडत नाही.

खिडकीची सीट: काका, आईला घाबरवायला धागा नाहीये हा! डोंबिवलीकरीण, उशिराबद्दल काही मिळणार नाही. इतक्या जवळच्या उड्डाणाला दोन तासांच्या पुढे उशीर झाला तर खाणंपिणं देणं बंधनकारक आहे, तुमची वीस मिनिटं कमी पडली. तक्रार आधी कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर.

स्पॅनरकाका: घाबरवत नाही, उलट सांगतो. तुमचं विमान परत आणून उभं केलं, हे पायलटने नियमाने केलं. ज्या पायलटला परत फिरायची लाज वाटत नाही त्याच्याबरोबर मी डोळे मिटून बसेन. तक्रारीत 'असुरक्षित' वगैरे लिहू नका, निष्कर्ष त्यांना काढू द्या. तारीख, उड्डाण क्रमांक, नोंदणीची अक्षरं, काय दिसलं, काय ऐकलं, बस. प्रत डीजीसीएला (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) पाठवा, त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईतच आहे. तिन्ही तारखा एका कागदावर आल्या की टेक लॉग पडताळणं सोपं जातं.

डोंबिवलीकरीण: खूप आभार काका. आईला छोट्या इंजिनाचं सांगितलं, ती म्हणाली, "मग पंखा घेऊन जाऊ." म्हणजे येतेय! विमान कुठलं येणार ते आदल्या रात्री कळतं का?

स्पॅनरकाका: ॲपवर दिसतं कधीकधी, पण शेवटच्या तासातही बदलतात. त्यापेक्षा पहाटेचं उड्डाण घ्या, ऊन चढायच्या आत सुटाल.

डोंबिवलीकरीण: पहाटेचंच काढते. तक्रारीचा मसुदा रात्री इथे टाकला तर तपासून द्याल का?